अडलेल्या घासाची कैफियत

घास छातीच्या मध्यावर येऊन अडतो, ना खाली उतरतो ना वर येतो, ही तक्रार पुरातन आहे. परंतु तिच्या कारणाचा तपास करण्यासाठी जी जागा प्रत्यक्ष पाहावयास हवी तीच शरीरात इतकी आडवळणी आणि अंधारी असल्यामुळे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यमंडळींना रोग्याच्या जबानीवर आणि त्याच्या मरणानंतर होणाऱ्या शवविच्छेदनावरच भिस्त ठेवणे भाग होते. १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ॲडॉल्फ कुसमाउल यांनी, तलवारी गिळून दाखविण्यावर पोट भरणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून धातूची सरळ नळी खाली उतरविली, आणि जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत डोकावण्याचा मार्ग खुला झाला. ही नळी तलवारीइतकीच ताठ असल्यामुळे सामान्य रोग्याला तिचा उपयोग बेताचाच होता. १९५७ साली मिशिगन विद्यापीठात बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण सिद्ध केली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत ज्याला आपल्याकडे सरळ ‘दुर्बीण घालणे’ म्हणतात ती तपासणी इस्पितळांच्या नित्यक्रमात आली.

तोवर घास अडण्याची जी कारणे वैद्यकाच्या दफ्तरी दाखल झाली होती ती मोजकी होती. वृद्धाला हळूहळू अन्न जाईनासे झाले की कर्करोगाची शंका घ्यावयाची. नलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडेनासा झाला तर दोष तेथील मज्जापेशींवर ठेवावयाचा. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर चढून नलिका पोळली आणि तिचा व्रण आकसला, तर ती वाट रुंद करावयाची. १९५३ साली रिचर्ड शाट्झकी यांनी नलिकेच्या तळाशी आढळणाऱ्या एका बारीक कड्याचे वर्णन क्ष-किरणचित्रांच्या आधारे केले, आणि भोजनगृहात मांसाचा मोठा तुकडा घाईने गिळताना तो अडकून बसणाऱ्या पुष्कळ अमेरिकन गृहस्थांच्या दुखण्याचा उलगडा झाला. या यादीत न बसणारा रोगी आला, विशेषतः तो वयाने तरुण, शरीराने धडधाकट आणि वजनाने न घटणारा असला, तर त्याला नीट चावून खाण्याचा उपदेश करून घरी पाठविले जाई; आणि त्यातूनही तो पुन्हा पुन्हा येऊ लागला तर त्याच्या स्वभावातच काही कमकुवतपणा आहे असा तर्क करण्यास कोणी कचरत नसे.

या तरुण रोग्यांची एक लकब ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण त्यांचा खरा रोग इतका काळ लपून राहिला त्याचे निम्मे श्रेय तिच्याकडे जाते. घास अडतो म्हणून ते वैद्याकडे जातच नसत. ते आपल्या खाण्याची रीत बदलून घेत. मांस आणि कोरडा पाव वर्ज्य करणे, प्रत्येक घासामागून पाण्याचा घोट घेणे, अन्नाचे बारीक तुकडे करून ते लगदा होईपर्यंत चघळणे, चारचौघांच्या पंगतीला बसण्याचे टाळणे, हे सारे त्यांच्या इतके अंगवळणी पडे की, ‘गिळताना त्रास होतो काय?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देत. अखेर एखाद्या रात्री मांसाचा तुकडा नलिकेत रुतून बसे, लाळसुद्धा गिळता येईनाशी होई, आणि त्यांना इस्पितळात धाव घ्यावी लागे. तेथे दुर्बिणीने तुकडा काढला वा खाली ढकलला जाई आणि रोग्याला निरोप मिळे. आत नलिकेचे अस्तर वरवर पाहता बहुधा निर्मळ दिसे. आणि जेथे डोळ्यांना दोष दिसत नाही तेथे चिमट्याने तुकडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, असा रिवाज त्या काळी प्रौढांच्या वैद्यकात नव्हता.

ज्या पेशीच्या साक्षीवर हा मामला पुढे उभा राहावयाचा होता, ती पेशी मात्र वैद्यकाच्या चांगल्या परिचयाची होती. १८७९ साली पाउल एर्लिख या तरुण जर्मन संशोधकाने डांबरापासून काढलेले रंग रक्ताच्या पातळ थरावर चढविण्याचे प्रयोग करताना, इओसिन नावाच्या लाल रंगाला हपापल्यासारखे शोषून घेणारे कण ज्यांच्या अंगी आहेत अशा श्वेतपेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना इओसिनोफिल हे नाव दिले. दम्याच्या रोग्यांत आणि पोटात जंत झालेल्यांत त्यांची संख्या वाढते, हे पुढच्या काही दशकांत सर्वमान्य झाले. निरोगी माणसाच्या जठरात आणि आतड्यांत त्या थोड्याबहुत असतातच. परंतु निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्यांचा मागमूसही नसतो. ही गोष्ट साधी दिसली तरी पुढचा सारा निवाडा तिच्यावरच टेकलेला आहे, कारण जेथे एकही असावयास नको तेथे त्यांचा जमाव आढळला, तर तो कोणीतरी बोलाविल्यावाचून आलेला नसतो.

१९७८ साली लँड्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जमावाची एक नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा रोगी स्नायूच्या विकाराने पीडलेला होता आणि त्याच्या अन्ननलिकेत इओसिनोफिलांनी ठाण मांडले होते. लेखाच्या शीर्षकातच ‘इओसिनोफिलिक इसोफेजायटिस’ हे या दाहाचे आज रूढ असलेले नाव आढळते. पण एका रोग्याची हकीकत ही वैद्यकात अपवाद म्हणून वाचली जाते आणि अपवाद म्हणूनच विसरली जाते, तसे तिचेही झाले.

त्यानंतर चारच वर्षांनी जे घडले ते या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण होय. बालरोगवैद्यकात, मूल आपली कैफियत स्वतः मांडू शकत नाही या कारणाने, अस्तर निर्मळ दिसले तरी त्याचा तुकडा घेण्याची सावध चाल पडू लागली होती. बॉस्टनचे हार्लंड विंटर आणि त्यांचे सहकारी अशा तुकड्यांचा अभ्यास करीत असता, ज्या मुलांच्या अन्ननलिकेत जठराचे आम्ल वर चढत होते त्यांच्या अस्तरात त्यांना इओसिनोफिल आढळले. आणि १९८२ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, अस्तरातील ही पेशी आम्लजन्य दाहाची खूण मानावी. निरीक्षण यथार्थ होते. आम्लाने पोळलेल्या नलिकेत या पेशी थोड्या संख्येने खरोखरच शिरतात. परंतु ‘आम्ल असेल तेथे इओसिनोफिल असू शकतात’ या विधानाचे ‘इओसिनोफिल दिसले म्हणजे आम्लच’ असे व्यस्त रूप करून, ते एखाद्या सरकारी हुकमासारखे सर्वत्र अमलात आले. त्याला काळही अनुकूल होता. आम्लाचे स्रवण रोखणारी नवी गुणकारी औषधे सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बाजारात आली होती, ऐंशीचे दशक संपण्यापूर्वी त्यांहूनही प्रभावी औषधे येऊ घातली होती, आणि छातीपोटाच्या मधल्या पट्ट्यातील बहुतेक सर्व दुखण्यांचा आरोपी म्हणून आम्लाचे नाव आधीच मुक्रर झालेले होते. पुढील दहा वर्षे, काचपट्टीवर इओसिनोफिल दहा असोत वा शंभर, अहवालाखाली ‘आम्लजन्य दाह’ हाच शेरा पडत राहिला. म्हणजे पुरावा नाहीसा झाला नव्हता. तो दफ्तरात जपून ठेवलेला होता, मात्र भलत्याच नावाच्या रुमालात बांधून. माझ्या मते यात विंटर यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे पाहिले ते लिहिले, आणि ज्यांनी मोजणे सोडून दिले ते वाचणारे होते.

हा रुमाल सोडविण्याचे काम ज्या ठिकाणी झाले ते पाहून दैवगतीला विनोदबुद्धी आहे असे म्हणावेसे वाटते. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ओमाहा हे शहर गुरांच्या बाजारासाठी आणि मांसासाठी नावाजलेले. आणि तेथील क्रेटन विद्यापीठात ऐंशीच्या दशकात काम करणारे शल्यवैद्य टॉम डीमीस्टर हे अन्ननलिकेतील आम्ल मोजण्याच्या शास्त्राचे अध्वर्यू. नाकातून एक बारीक तार अन्ननलिकेत सोडून, तिच्या टोकाशी असलेल्या विद्युदग्राने अहोरात्र चोवीस तास आम्लतेची नोंद घेण्याची पद्धत त्यांनी आणि लॉरेन्स जॉन्सन यांनी १९७४ साली मांडली होती, आणि आम्लाचा दोष आहे की नाही हे अंदाजाने न ठरविता आकड्यांनी ठरविण्याची सोय केली होती. अशा प्रयोगशाळेत स्टीफन अ‍ॅटवुड हे तरुण शल्यवैद्य काम करीत असता, त्यांच्या आणि विकृतिशास्त्रज्ञ टॉमस स्मिर्क यांच्या नजरेस असे १२ प्रौढ रोगी आले की, ज्यांना घास अडण्याची तक्रार होती आणि ज्यांच्या अस्तरात सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात वीसहून अधिक इओसिनोफिल भरलेले होते. रूढ नियमाप्रमाणे या रोग्यांच्या नलिकेत आम्लाचा पूर लोटलेला असावयास हवा होता. चोवीस तासांची नोंद घेतली तेव्हा १२ पैकी ११ जणांत आम्लाचे प्रमाण अगदी प्राकृत निघाले.

अ‍ॅटवुड यांनी एवढ्यावर न थांबता दुसऱ्या बाजूची रुजुवात केली. ज्यांच्या नलिकेत आम्ल निर्विवादपणे चढत होते अशा ९० रोग्यांचे तुकडे त्यांनी तपासले. त्यांपैकी निम्म्याजवळ रोग्यांत इओसिनोफिल होते खरे, पण त्यांची सरासरी एका क्षेत्रात ३.३ इतकीच भरली. उलट त्या १२ जणांत ती ५६ होती. शिवाय १२ पैकी सात जणांना दमा, परागज्वर यांसारख्या ॲलर्जीच्या विकारांचा पूर्वेतिहास होता. आम्लाला निर्दोष ठरविणारा हा दाखला आम्लाच्याच मापनशाळेतून बाहेर पडला, आणि म्हणूनच तो खोडून काढणे कठीण होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या लेखाच्या शीर्षकात, घास अडणे आणि अस्तरातील इओसिनोफिल यांचा हा संयोग एक स्वतंत्र व्याधी आहे, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले होते.

त्याच सुमारास, अटलांटिकच्या पलीकडे, स्वित्झर्लंडच्या आगगाड्यांचे नाके म्हणून प्रसिद्ध असलेल्या ओल्टेन या लहानशा गावी, अ‍ॅलेक्स स्ट्राउमान नावाचे पोटाच्या विकारांचे वैद्य आपला खाजगी व्यवसाय करीत होते. मोठे विद्यापीठ नाही, संशोधनाचा सरंजाम नाही; परंतु एकाच गावात वर्षानुवर्षे बसलेल्या वैद्याला जे लाभते ते, म्हणजे तेच रोगी पुन्हा पुन्हा पाहण्याचे भाग्य, त्यांच्यापाशी होते. चार वर्षांत त्यांनी अशा १० रोग्यांची ओळख पटविली आणि १९९४ साली एका स्विस वैद्यकीय साप्ताहिकात जर्मन भाषेत त्यांचे वर्णन छापले. वारंवार नजरेतून सुटणारा रोग, ठराविक लक्षणे आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या अत्यंत अस्फुट खुणा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ‘अस्फुट’ या शब्दात सगळे मर्म आहे. ज्यांना पाहावयाचे काय हे ठाऊक झाले त्यांना त्याच निर्मळ भासणाऱ्या नलिकेत उभ्या चरा, पांढुरके ठिपके, आणि श्वासनलिकेसारखी एकावर एक कडी दिसू लागली. त्याआधी हीच कडी कोणाला दिसली तर ती जन्मजात ठेवण समजली जात असे. प्रथम कोण, अ‍ॅटवुड की स्ट्राउमान, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोघांनी एकमेकांवर न विसंबता एकच साक्ष दिली, यातच तिचे मोल आहे.

मात्र दोघांच्याही लेखांनी रोगाचे अस्तित्व सिद्ध केले, कारण नव्हे. दमा आणि परागज्वर यांचे साहचर्य सूचक होते. पण साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. ती तूट बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे भरून निघाली. तेथे १० मुले अशी होती की, जेवणानंतर पोटात दुखणे, वांती होणे, अन्न नाकारणे या तक्रारी आम्लाच्या नावाने नोंदविलेल्या, आम्लाची औषधे देऊन झालेली, आणि त्यांपैकी दोघांवर तर जठराचा वरचा भाग नलिकेभोवती गुंडाळून आम्लाची वाट अडविण्याची शस्त्रक्रियाही करून झालेली. तरीही गुण नाही. ॲलर्जीतज्ज्ञ ह्यू सॅम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी एक धाडसी पण तर्कशुद्ध उपाय योजला. दोष अन्नातील प्रथिनांचा असेल तर प्रथिन ज्या अमिनो आम्लांचे बनते तीच सुटी करून द्यावीत, म्हणजे पोषण होईल आणि शरीराला परके म्हणून ओळखण्याजोगे काही शिल्लक राहणार नाही. किमान सहा आठवडे या मुलांनी बहुतांशी त्या बेचव द्रवावर काढले. दहांपैकी आठांच्या तक्रारी पूर्णतः नाहीशा झाल्या, उरलेल्या दोघांच्या कमी झाल्या, आणि पुन्हा घेतलेल्या तुकड्यांतून इओसिनोफिल जवळजवळ बरखास्त झाले. नंतर एकेक अन्न परत देण्यात आले तेव्हा तक्रारी उलटल्या. सर्वांत अधिक वेळा गाईच्या दुधाने, त्याखालोखाल सोयाबीनने, आणि काही मुलांत गहू, भुईमूग व अंडी यांनी. काढले की बरे, घातले की आजारी: याहून स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. १९९५ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि केव्हिन केली हे त्याचे प्रथम लेखक होते.

एवढे झाल्यावर बाकीची वाट तुलनेने सरळ होती, म्हणून ती भरभर चालून जाण्यास हरकत नाही. दम्यासाठी हुंगण्याचे स्टेरॉइड हुंगण्याऐवजी गिळले तर नलिकेच्या अस्तरावर त्याचा लेप बसतो आणि दाह शमतो, असे १९९८ साली दिसून आले. २००१ मध्ये सिनसिनाटी येथे अनिल मिश्रा, मार्क रॉथेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या नाकात बुरशीचे ॲलर्जीकारक द्रव्य सोडून त्यांच्या अन्ननलिकेत हाच दाह उत्पन्न केला. तेच द्रव्य तोंडावाटे वा थेट जठरात दिले असता मात्र तो उत्पन्न झाला नाही, यावरून श्वसनमार्ग आणि अन्नमार्ग यांचे गूढ संगनमत प्रथमच प्रयोगाने उघड झाले. शिकागोच्या अमीर कागलवाला यांनी २००६ साली केवळ सहा अन्नवर्ग, म्हणजे दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे व कवचीची फळे, आणि मासे, वर्ज्य केलेल्या मुलांपैकी ७४ टक्क्यांच्या अस्तरात स्पष्ट सुधारणा दाखविली, आणि बेचव द्रवाच्या शिक्षेतून रोग्यांची सुटका झाली. त्वचेवर टोचून करावयाच्या ॲलर्जी-परीक्षेवर या रोगात विसंबता येत नाही, हेही अनुभवाने पटले. गुन्हेगार अन्न शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते बंद करून, पुन्हा सुरू करून, दर वेळी तुकडा पाहणे हाच राहिला.

२००७ साली तज्ज्ञांच्या मंडळाने व्याख्या बांधून दिली: एका दृष्टिक्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल, आणि आम्लरोधक औषधाने गुण न येणे. यातील दुसऱ्या अटीचा पुढे मोठा फजितवाडा झाला. आम्लरोधक औषधाने बरे वाटणारे, पण बाकी सर्व बाबतींत हुबेहूब याच रोगाचे रोगी आढळू लागले. आणि त्यांना आम्लाच्या वर्गात ढकलावे तर आम्ल त्यांच्यात नव्हते. शोधाअंती असे निघाले की, ही औषधे इओसिनोफिलांना बोलावणाऱ्या रासायनिक निरोप्यालाच नलिकेच्या पेशींत दडपून टाकतात, म्हणजे त्यांचा गुण आम्लाशी संबंध नसतानाही येऊ शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या निर्णयाने ती अट रद्द केली. एकदा व्यस्त तर्काने फसलेले शास्त्र दुसऱ्यांदा त्याच आम्लाच्या उंबरठ्यावर अडखळले, ही गोष्ट या हकीकतीतून गाळता येण्यासारखी नाही. त्याच वर्षी युरोपात अन्ननलिकेसाठीच घडविलेली, तोंडात विरघळणारी ब्युडेसोनाइडची गोळी मान्य झाली, आणि २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेत डुपिलुमॅब हे टोचावयाचे औषध या रोगासाठी मंजूर झाले.

रोग मुळातच नवा की ओळख नवी, हा प्रश्न मात्र अजून अर्धवट उभा आहे. ओल्टेनच्या परिसरातील सुमारे एक लाख वस्तीत स्ट्राउमान यांनी १९८९ पासून ठेवलेल्या खातेवहीप्रमाणे सोळा वर्षांनंतर लाखामागे २३ रोगी होते, आणि वीस वर्षांच्या अखेरीस ४३ च्या घरात पोहोचले. पाहणारे डोळे वाढले म्हणून काही वाढ झाली हे उघड आहे. परंतु दमा, इसब आणि अन्नाच्या ॲलर्जीची पाश्चात्य देशांत त्याच काळात जी चढती कमान दिसते तिच्याशी हे आकडे जुळतात, आणि सारी वाढ डोळ्यांच्याच खात्यावर टाकणे मला सयुक्तिक वाटत नाही. आशियातील देशांतून या रोगाच्या नोंदी पश्चिमेच्या मानाने थोड्या येतात. त्यात रोगाच्या विरळपणाचा वाटा किती आणि तुकडा न घेण्याच्या रिवाजाचा किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या इस्पितळापुरता तरी तपासून पाहण्यासारखा आहे.

उशिराची किंमत किती पडते हे स्विस वैद्यांनी २०१३ साली २०० रोग्यांच्या कागदपत्रांवरून दाखविले आहे. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत मध्यम मानाने सहा वर्षे गेली होती. ज्यांचे निदान दोन वर्षांच्या आत झाले त्यांच्यापैकी १७ टक्क्यांच्या नलिका आकसल्या होत्या, आणि ज्यांचे वीस वर्षांहून अधिक लांबले त्यांच्यापैकी ७१ टक्क्यांच्या. तेव्हा आपल्या घरात कोणी दमेकरी वा इसबाचा रोगी, विशेषतः तरुण पुरुष, कारण पुरुषांत हा रोग स्त्रियांच्या सुमारे तिपटीने आढळतो, भाकरीच्या प्रत्येक घासामागे पाण्याचा तांब्या उचलत असेल आणि सर्वांच्या मागून पानावरून उठत असेल, तर त्याच्या सवयीची थट्टा न करता त्याला तपासणीस न्यावे. आणि दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना, अस्तर निर्मळ दिसले तरी नलिकेच्या निरनिराळ्या पातळ्यांवरून मिळून निदान सहा तुकडे तपासणीसाठी घ्यावेत, अशी विनंती अवश्य करावी.